हेडलाइट जुळवणी (पिकअप वाहने)

हेडलाइट जुळवणी म्हणजे मोटारवाहनाच्या पुढील दिव्यांतून निघणाऱ्या प्रकाशझोताची उभी व आडवी दिशा ठरवून ती स्क्रूच्या साहाय्याने पक्की करण्याची क्रिया होय. बोलीभाषेत तिला ‘लाइट सेट करणे’ किंवा ‘हेडलाइट सेटिंग’ असे म्हणतात. स्वतःच्या चालकाला रस्ता पुरेसा दूरवर दिसावा आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू नयेत, अशा परस्परविरोधी गरजांचा मेळ घालणे हा या क्रियेचा हेतू असतो. हा मेळ अंशाच्या काही भागाइतक्या फरकानेही बिघडतो.

मालवाहू पिकअप वाहनांत हा प्रश्न मोटारकारपेक्षा अधिक तीव्र असतो. रिकामी पिकअप आणि मालाने भरलेली पिकअप यांचा जमिनीशी होणारा कोन वेगळा असतो; हौद्यात माल भरला की गाडीची मागील बाजू खाली बसते, पुढील बाजू तुलनेने वर उचलली जाते आणि तिच्याबरोबर दिव्यांचा झोतही वर जातो. त्यामुळे रिकाम्या गाडीवर अचूक केलेली जुळवणी भरलेल्या गाडीत चुकीची ठरू शकते. सपाट जागा, भिंत, मोजपट्टी व स्क्रू-ड्रायव्हर एवढ्या साधनांवर ही जुळवणी घरच्या घरी करता येते व तपासता येते.

## संज्ञा

अप्पर – लांब पल्ल्याचा झोत. हा सरळ समोर जातो. समोर वाहन नसताना तो वापरतात.

डिपर – खाली वळवलेला, आखूड पल्ल्याचा झोत. समोरून वाहन येत असताना, दुसऱ्या वाहनामागे जाताना व वस्तीत तो वापरतात. जुळवणी प्रामुख्याने याच झोताची केली जाते.

प्रकाशसीमा – डिपरचा झोत भिंतीवर पाडला असता खालचा उजेड आणि वरचा अंधार यांना विभागणारी रेषा. भारतात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. म्हणून येथील दिव्यांत ही रेषा उजवीकडे आडवी असते आणि मध्यापासून डावीकडे वर चढत जाते. उजवीकडून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांत प्रकाश जाऊ नये, पण डाव्या कडेचे पादचारी, बैलगाडी व मैलाचे दगड लांबून दिसावेत, हे या असमान रचनेचे कारण आहे.

उतार – दिव्यापासून पुढे जाताना प्रकाशसीमा किती खाली येते याचे टक्क्यांतील प्रमाण. १ टक्का उतार म्हणजे १० मीटर अंतरावर प्रकाशसीमा दिव्याच्या मध्यापेक्षा १० सेंटिमीटर खाली असणे.

## इतिहास

आरंभीच्या मोटारींना अ‍ॅसिटिलीन वायूचे दिवे असत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात विजेचे दिवे रूढ झाले आणि त्यांच्या प्रखरतेमुळे समोरच्याचे डोळे दिपण्याचा प्रश्न उभा राहिला. १९२४ मध्ये एकाच बल्बमध्ये दोन तारा असलेला ‘बायलक्स’ बल्ब बाजारात आला. त्यामुळे अप्पर आणि डिपर हे दोन्ही झोत एकाच दिव्यातून मिळू लागले. अमेरिकेत १९४० पासून काच, परावर्तक व तार एकत्र बंद केलेला ‘सील्ड बीम’ दिवा प्रमाण ठरला. युरोपात १९५७ पासून असमान प्रकाशसीमेचा डिपर वापरात आला. हॅलोजन बल्ब १९६२ मध्ये व दोन तारांचा एच-४ हॅलोजन बल्ब १९७१ मध्ये आला. ६० वॅटचा अप्पर व ५५ वॅटचा डिपर असलेला हा एच-४ बल्ब भारतातील मालवाहू वाहनांत दीर्घकाळ सर्वाधिक प्रचलित राहिला. त्यानंतर एलईडी दिव्यांचा वापर वाढत गेला.

भारतात जीप व ट्रक यांच्या गोल दिव्यांच्या काचेवर मध्यभागी काळा ठिपका लावण्याची किंवा वरचा भाग काळा रंगवण्याची पद्धत अनेक वर्षे होती. ती डोळे दिपण्यावरची ढोबळ उपाययोजना होती. तीमुळे एकूण उजेड कमी होत असे. झोताची दिशा मात्र बदलत नसे.

ग्रामीण महाराष्ट्रात पिकअप वाहनांचा प्रसार टाटा मोटर्सची २०७, महिंद्रची बोलेरो पिकअप, २००५ मध्ये आलेली व ‘छोटा हत्ती’ या नावाने ओळखली जाणारी टाटा एस आणि २०११ मध्ये आलेली अशोक लेलँडची दोस्त या गाड्यांमुळे झाला. बैलगाडी व ट्रॅक्टर यांच्यापेक्षा वेगवान आणि ट्रकपेक्षा स्वस्त असे हे वाहन शेतापासून बाजार समितीपर्यंतच्या वाहतुकीचे मुख्य साधन बनले.

## जालना जिल्ह्यातील संदर्भ

समर्थ रामदासांचे जन्मस्थान असलेले जांब समर्थ हे गाव जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात आहे. या परिसरात ऊस, कापूस व मोसंबी ही प्रमुख नगदी पिके आहेत. जालना मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. शेजारच्या अंबड तालुक्यात अंकुशनगर येथे समर्थ सहकारी साखर कारखाना आहे. फळे व भाजीपाला सकाळी बाजारात पोहोचावा म्हणून भरलेल्या पिकअप रात्री किंवा पहाटे गावाबाहेर पडतात. त्याच वेळी गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात.

अशा रस्त्यांवर बहुतेक ठिकाणी मधला दुभाजक आणि पथदिवे नसतात. त्यामुळे चुकीच्या जुळवणीचे धोके दोन प्रकारचे असतात. झोत वर गेलेला असल्यास समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला काही क्षण काहीच दिसत नाही आणि तो कडेच्या खड्ड्यात किंवा थांबलेल्या ट्रॉलीवर जाऊ शकतो. झोत फार खाली गेलेला असल्यास मागचा दिवा किंवा परावर्तक पट्टी नसलेली ऊसगाडी पिकअपच्या चालकाला वेळेत दिसत नाही. डोळे दिपू नयेत म्हणून झोत मनमानी खाली पाडणे हा सुरक्षित उपाय नाही, तो याच कारणामुळे. रामनवमीच्या उत्सवाच्या काळात जांब समर्थकडे येणाऱ्या रस्त्यांवर पायी चालणारे भाविकही असतात. त्यांच्या दृष्टीने झोताची डावी चढती बाजू विशेष महत्त्वाची ठरते.

## कायदेशीर तरतुदी

मोटार वाहन कायदा, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याअंतर्गत केलेल्या केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील दोन नियम येथे लागू होतात.

नियम १०५ नुसार सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने व पुरेसा उजेड नसताना केव्हाही वाहनाचे दिवे लावलेले असावे लागतात आणि त्यांच्या प्रकाशात १५५ मीटर अंतरापर्यंतची माणसे व वाहने स्पष्ट ओळखू यावी लागतात.

नियम १०६ हा झोत खाली वळवण्याविषयी आहे. दिव्यापासून ८ मीटर पुढे, वाहनाच्या उजव्या कडेपासून ०.५ मीटर अंतरावर आणि जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर डोळे असलेल्या व्यक्तीचे डोळे दिपणार नाहीत, अशा रीतीने झोत खाली वळलेला किंवा चालकाला खाली वळवता येण्याजोगा असावा, अशी त्याची कसोटी आहे.

मालवाहू पिकअप हे परिवहन वाहन असल्याने कायद्याच्या कलम ५६ नुसार तिला योग्यता प्रमाणपत्र आवश्यक असते. आठ वर्षांपर्यंतच्या परिवहन वाहनांना ते दर दोन वर्षांनी व त्याहून जुन्या वाहनांना दर वर्षी नूतनीकृत करावे लागते. या तपासणीत हेडलाइटच्या झोताचा समावेश असतो. जालना जिल्ह्यातील एमएच-२१ मालिकेच्या वाहनांची नोंदणी जालना येथील परिवहन कार्यालयात होते.

दिवे वाहनावर कोठे व कसे बसवावेत याचे तांत्रिक मानक एआयएस-००८ हे आहे. ही मानके पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेमार्फत प्रकाशित होतात. भारतीय मानक संयुक्त राष्ट्रांच्या विनियम ४८ च्या धर्तीवर आहे. त्या विनियमानुसार डिपरच्या दिव्याची उंची ०.८ मीटरपेक्षा कमी असल्यास प्रारंभिक उतार १.० ते १.५ टक्के, तर उंची १ मीटरपेक्षा अधिक असल्यास १.५ ते २.० टक्के ठेवतात. ०.८ ते १ मीटरच्या दरम्यान निर्माता यांपैकी एक पर्याय निवडतो. निर्मात्याने ठरवलेला उतार दिव्याजवळ किंवा वाहनाच्या माहितीपट्टीवर दिव्याच्या चिन्हासह टक्क्यांत छापलेला असतो. जुळवणी करताना हाच आकडा प्रमाण मानतात.

## भाराचा परिणाम

पिकअपच्या मागील आसाला लोखंडी पाट्यांच्या कमानी असतात. भार वाढला की हे पाटे दबतात. हौदा मुख्यतः मागील आसावर असल्याने पुढची बाजू मागच्याइतकी दबत नाही आणि गाडी मागे कलते.

हा कल सोप्या पद्धतीने मोजता येतो. पुढच्या व मागच्या चाकाच्या मध्याच्या बरोबर वर गाडीच्या अंगावर खडूने खुणा करून त्यांची जमिनीपासूनची उंची रिकाम्या आणि भरलेल्या अवस्थेत मोजतात. मागची खूण ८ सेंटिमीटर आणि पुढची २ सेंटिमीटर खाली आली असेल, तर फरक ६ सेंटिमीटर होतो. दोन आसांमधील अंतर ३ मीटर असल्यास कल २ टक्के येतो.

अशा गाडीचा दिवा ८५ सेंटिमीटर उंचीवर असून रिकाम्या अवस्थेत उतार १.२ टक्के असेल, तर भरल्यावर झोत उताराऐवजी ०.८ टक्के चढाचा होतो. ७० मीटर अंतरावर प्रकाशसीमा दिव्याच्या ५६ सेंटिमीटर वर, म्हणजे जमिनीपासून सुमारे १.४ मीटरवर पोहोचते. दुचाकीवर बसलेल्या माणसाचे डोळे साधारण याच उंचीवर असतात. चालकाने डिपर लावलेला असूनही समोरच्याला तो अप्परसारखा वाटतो, याचे कारण बहुतेकदा हेच असते.

हा परिणाम भरून काढण्यासाठी बऱ्याच गाड्यांत चालकाच्या हाताशी हेडलाइटची पातळी खाली-वर करणारी चकती असते. तिच्यावर सामान्यतः ० ते ३ असे आकडे असतात. ० हा आकडा रिकाम्या गाडीसाठी असतो आणि भार वाढेल तसा मोठा आकडा ठेवायचा असतो. ही सोय असूनही ती वापरली न जाणे हा सर्वसाधारण दोष आहे.

अधिक माल नेता यावा म्हणून मागे जादा पाटा टाकून घेण्याची पद्धत ग्रामीण भागात आढळते. जादा पाट्यामुळे रिकाम्या गाडीची मागील बाजू उंच होते आणि झोत खाली जातो. त्यामुळे पाट्यांचे कोणतेही काम झाल्यावर हेडलाइटची जुळवणी पुन्हा करावी लागते. पाटा टाकल्याने गाडीची कायदेशीर भारक्षमता मात्र वाढत नाही.

## जुळवणीपूर्वीची तपासणी

झोत चुकण्याचे कारण नेहमी स्क्रूत नसते. म्हणून जुळवणीपूर्वी पुढील गोष्टी तपासतात.

* चारही टायरांत निर्मात्याने सांगितलेली हवा असावी. मागच्या टायरात हवा कमी असली तरी झोत वर जातो.
* तुटलेला किंवा सरकलेला पाटा आधी दुरुस्त करावा. एका बाजूचा पाटा तुटल्यास प्रकाशसीमा तिरकी दिसते.
* दिव्याची काच आतून-बाहेरून पाहावी. धूळ, चिखल, आत साचलेला ओलावा व प्लॅस्टिकच्या काचेला आलेला पिवळेपणा यांमुळे प्रकाश विखुरतो आणि प्रकाशसीमा अस्पष्ट होते.
* बल्ब खोबणीत नीट बसलेला असावा. एच-४ बल्बच्या तबकडीला तीन कान असतात व तो एकाच पद्धतीने बसतो. जबरदस्तीने तिरका बसवलेला बल्ब कितीही स्क्रू फिरवला तरी नीट झोत देत नाही. हॅलोजन बल्बच्या काचेला उघड्या बोटांनी स्पर्श करू नये.
* दिव्याची चौकट, तिचे प्लॅस्टिकचे कान आणि स्प्रिंगा शाबूत असाव्यात. दिवा हाताने हलत असेल तर जुळवणी टिकत नाही.
* पातळी बदलणारी चकती असल्यास ती ० वर ठेवावी.
* हौदा रिकामा असावा आणि चालकाच्या जागी एक माणूस बसलेला असावा. निर्मात्याचा आकडा सामान्यतः याच अवस्थेसाठी असतो.

## जागेची निवड व आखणी

जुळवणीसाठी सपाट जागा आणि तिच्याशी काटकोनात उभी असलेली फिकट रंगाची भिंत लागते. सिमेंटचे खळे, गोदामासमोरील फरशी किंवा बाजाराच्या आवारातील ओटा नसलेली जागा यासाठी सोयीची असते. शेणाने सारवलेले किंवा मुरूम टाकलेले अंगण डोळ्यांना सपाट वाटले तरी ते मोजून पाहावे लागते. गवंडी वापरतात त्या पारदर्शक नळीत पाणी भरून चारही चाकांखालील जागा व भिंतीचा पायथा एका पातळीत आहेत का, हे तपासता येते. १० मीटरला १ सेंटिमीटर फरक म्हणजे ०.१ टक्क्याची चूक होय. १० सेंटिमीटर फरक संपूर्ण जुळवणी निरर्थक करतो. जमीन सलग एकाच उताराची असेल तर अडचण येत नाही, कारण झोताचा उतार चाकांखालच्या प्रतलाच्या संदर्भात मोजला जातो. गाडीखाली एक उतार आणि भिंतीपाशी दुसरा उतार असलेली जागा मात्र टाळावी.

आखणी पुढीलप्रमाणे करतात.

1. गाडी भिंतीच्या अगदी जवळ सरळ उभी करतात. दोन्ही पुढच्या चाकांपासून भिंतीपर्यंतचे अंतर सारखे असल्याची खात्री करतात.
2. दोन्ही दिव्यांच्या मध्यबिंदूंची जमिनीपासूनची उंची मोजतात. ती दोन्हीकडे सारखी नसल्यास टायर व पाटे पुन्हा पाहतात.
3. प्रत्येक दिव्याच्या मध्यासमोर भिंतीवर खडूने किंवा चिकटपट्टीने उभी रेषा काढतात. रेषा उभी असल्याची खात्री ओळंब्याने होते. गाडीच्या मध्याचीही एक उभी रेषा काढतात.
4. दिव्याच्या मध्याच्या उंचीवर एक आडवी रेषा काढतात.
5. गाडी सरळ रेषेत मागे घेऊन दिव्यापासून भिंतीपर्यंत १० मीटर अंतर ठेवतात. जागा कमी असल्यास ५ मीटर अंतरही चालते, पण मोजणीतील चूक तेथे दुप्पट परिणाम करते. गाडी सरळ मागे आली आहे हे मध्यरेषेवरून पाहतात.
6. ठरलेल्या उताराप्रमाणे पहिल्या आडव्या रेषेखाली दुसरी आडवी रेषा काढतात. प्रकाशसीमा या दुसऱ्या रेषेवर आणायची असते.

दिव्याची उंची ८५ सेंटिमीटर धरल्यास वेगवेगळ्या उतारांसाठी अंतरे पुढीलप्रमाणे येतात.

| उतार | ५ मीटरवर रेषेखाली | १० मीटरवर रेषेखाली | प्रकाशसीमा रस्त्याला टेकते ते अंतर |
|---|---|---|---|
| १.० टक्का | ५ सेंमी | १० सेंमी | ८५ मीटर |
| १.२ टक्के | ६ सेंमी | १२ सेंमी | ७१ मीटर |
| १.५ टक्के | ७.५ सेंमी | १५ सेंमी | ५७ मीटर |
| २.० टक्के | १० सेंमी | २० सेंमी | ४३ मीटर |
| २.५ टक्के | १२.५ सेंमी | २५ सेंमी | ३४ मीटर |

शेवटच्या स्तंभातील अंतर प्रकाशसीमेच्या आडव्या भागासाठी आहे. डावीकडील चढत्या भागाचा उजेड याहून पुढे जातो.

## जुळवणीची पद्धत

अंधार पडू लागल्यावर काम सुरू करतात. बॅटरीवर ताण येऊन उजेड मंदावू नये म्हणून इंजिन चालू ठेवल्यास गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक लावतात आणि गाडी व भिंत यांच्यामध्ये कोणीही उभे राहत नाही. बंद जागेत इंजिन चालू ठेवू नये. काम सुरू करण्याआधी गाडीची मागील बाजू दोन-तीनदा दाबून सोडतात, म्हणजे अडकलेले पाटे आपल्या नेहमीच्या जागी येतात.

एका वेळी एकाच दिव्याचे काम करतात. दुसऱ्या दिव्यासमोर पुठ्ठा किंवा फळी उभी करतात. तापलेल्या काचेवर कापड किंवा प्लॅस्टिक गुंडाळणे टाळावे, कारण हॅलोजन दिव्याच्या उष्णतेने ते पेटू किंवा वितळू शकते.

दिव्याच्या मागे किंवा कडेला सामान्यतः दोन स्क्रू अथवा दात्यांची चक्रे असतात. एकाने झोत वर-खाली होतो, दुसऱ्याने डावी-उजवीकडे सरकतो. कोणता स्क्रू कोणत्या दिशेने फिरवायचा हे प्रत्येक गाडीत वेगळे असते. त्यामुळे फिरवण्याआधी स्क्रूच्या मूळ स्थितीवर रंगाची खूण करतात आणि प्रत्येक वेळी पाव फेरा फिरवून भिंतीवरील बदल पाहतात. गंजलेला स्क्रू जोराने फिरवल्यास त्याचे प्लॅस्टिकचे घर फुटते. तो आधी तेल सोडून मोकळा करावा लागतो.

डिपर लावून प्रकाशसीमेचा उजवीकडील आडवा भाग दुसऱ्या आडव्या रेषेवर आणतात. त्यानंतर, जेथून रेषा डावीकडे चढू लागते तो वळणबिंदू त्या दिव्याच्या उभ्या रेषेवर आणतात. आडवी दिशा बदलताना उभी दिशाही थोडी हलते, म्हणून शेवटी उंची पुन्हा पाहतात. स्क्रूची शेवटची हालचाल आवळण्याच्या दिशेने ठेवल्यास हादऱ्यांनी जुळवणी सैल होण्याची शक्यता कमी होते.

अप्पर आणि डिपर एकाच बल्बमध्ये असल्यास डिपर जुळवल्यावर अप्पर आपोआप जागेवर येतो. अप्परचा दिवा स्वतंत्र असल्यास त्याच्या झोताचा सर्वांत प्रखर भाग त्या दिव्याच्या मध्यबिंदूपाशी आणतात.

## भरलेल्या गाडीची तपासणी

पिकअपची जुळवणी येथे पूर्ण होत नाही. नेहमीचा माल भरून गाडी पुन्हा त्याच जागी उभी करतात आणि प्रकाशसीमा कोठे गेली ते पाहतात. पातळी बदलणारी चकती असल्यास कोणत्या भाराला कोणता आकडा ठेवल्यावर प्रकाशसीमा मूळ रेषेवर येते, हे या वेळी निश्चित होते. तो आकडा केबिनमध्ये लिहून ठेवणे सोयीचे असते.

चकती नसलेल्या गाडीत रिकाम्या अवस्थेतील उतार वाढवणे हा एकच मार्ग उरतो. विनियम ४८ मध्ये ०.८ मीटरपेक्षा खाली बसवलेल्या दिव्यांसाठी उताराची मर्यादा ०.५ ते २.५ टक्के आणि १ मीटरपेक्षा वरच्या दिव्यांसाठी १.० ते ३.० टक्के आहे. वरील उदाहरणातील २ टक्के कल असलेल्या गाडीत रिकाम्या अवस्थेचा उतार २.५ टक्के ठेवला, तर भरल्यावर तो ०.५ टक्के उरतो आणि झोत आडव्या पातळीच्या खाली राहतो. मात्र त्याची किंमत रिकाम्या फेरीत मोजावी लागते. त्या वेळी प्रकाशसीमा ३४ मीटरवरच रस्त्याला टेकते.

या अंतराचा वेगाशी थेट संबंध आहे. चालकाला धोका कळून ब्रेक दाबेपर्यंत १.५ सेकंद लागतात आणि कोरड्या रस्त्यावर गाडीचा वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद या दराने कमी होतो, असे धरल्यास थांबण्याचे अंतर ताशी ४५ किलोमीटर वेगाला सुमारे ३४ मीटर, ६० किलोमीटरला सुमारे ५३ मीटर आणि ८० किलोमीटरला सुमारे ८३ मीटर येते. उजेड जेथे संपतो त्याच्या आत गाडी थांबली पाहिजे. म्हणून झोत खाली घेतलेल्या गाडीचा डिपरवरील वेगही त्या प्रमाणात कमी ठेवावा लागतो.

रिकाम्या अवस्थेची मर्यादा गाठूनही भरल्यावर झोत वर जात असेल, तर दोष जुळवणीत नसून भारात, मालाच्या मांडणीत किंवा थकलेल्या पाट्यांत असतो. जड माल हौद्याच्या मागच्या फळीपाशी रचल्यास कल वाढतो. तोच माल केबिनच्या बाजूला रचल्यास कमी होतो. अशा वेळी स्क्रू आणखी फिरवण्याऐवजी मूळ कारण दूर करतात.

## अंतिम चाचणी

भिंतीवरील काम झाल्यावर नियम १०६ मधील कसोटी प्रत्यक्ष करून पाहता येते. गाडी सपाट जागी उभी करून, दिव्यांपासून ८ मीटर पुढे आणि गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाहेर, डोळे जमिनीपासून १.५ मीटरवर येतील अशा बेताने एक व्यक्ती उभी राहते. डिपर लावल्यावर तिचे डोळे दिपता कामा नयेत. ही चाचणी भरलेल्या गाडीवरही घेतल्यास समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला काय दिसते, याची चालकाला स्वतः कल्पना येते. रस्त्यावर डिपर लावलेला असतानाही समोरची वाहने वारंवार अप्पर-डिपर करून इशारा देत असतील, तर जुळवणी पुन्हा तपासावी.

## सामान्य चुका

जादा वॅटचे बल्ब. मूळ ६०/५५ वॅटच्या जागी अधिक वॅटचा बल्ब लावल्यास वायरिंग व होल्डर तापतात, परावर्तकाचा मुलामा जळतो आणि काही काळाने उजेड पूर्वीपेक्षा कमी होतो. मंद उजेडाचे कारण अनेकदा बल्ब नसून गंजलेला अर्थ किंवा सैल जोडणी असते.

हॅलोजनच्या दिव्यात एलईडी बल्ब. परावर्तकाचा आकार हॅलोजन तारेच्या नेमक्या जागेवर आधारलेला असतो. एलईडीचा प्रकाशस्रोत त्या जागी व त्या आकाराचा नसल्यास प्रकाशसीमा फाटते आणि प्रकाश वर विखुरतो. हा दोष स्क्रूने दूर होत नाही.

उजव्या बाजूने वाहने चालणाऱ्या देशांसाठी बनलेले दिवे. त्यांची प्रकाशसीमा उजवीकडे चढते, त्यामुळे भारतात ते थेट समोरच्याच्या डोळ्यांवर प्रकाश टाकतात.

टपावरील व बंपरवरील जादा दिवे. मूळ दिव्यांची जुळवणी अचूक असली तरी हे दिवे समोर वाहन असताना चालू ठेवल्यास तिचा उपयोग राहत नाही.

## घरगुती पद्धतीच्या मर्यादा

कार्यशाळा व तपासणी केंद्रांत यासाठी झोतमापक यंत्र वापरतात. त्यातील भिंग दूरच्या भिंतीवर पडणारे चित्र पेटीतील लहान पडद्यावर उमटवते. त्यामुळे अल्प जागेत उतार व तीव्रता दोन्ही मोजता येतात. भिंतीच्या पद्धतीत दिशा कळते, प्रकाशाची तीव्रता मोजता येत नाही. अपघातात पुढची चौकट वाकलेली असल्यास, दिवा सैल असल्यास, प्रकाशसीमा स्पष्ट दिसत नसल्यास किंवा स्क्रूची मर्यादा संपूनही झोत जागेवर येत नसल्यास वाहन मेकॅनिककडे नेणे आवश्यक ठरते. बल्ब बदलल्यावर, पाट्यांचे किंवा पुढील भागाच्या पत्र्याचे काम झाल्यावर, टायरांचा आकार बदलल्यावर आणि गळीत हंगामासारख्या रात्रीच्या वाहतुकीच्या काळापूर्वी जुळवणी तपासून घेतात.

## हेही पाहा

* मोटार वाहन कायदा, १९८८
* योग्यता प्रमाणपत्र
* हॅलोजन दिवा
* टाटा एस
* घनसावंगी तालुका
* जांब समर्थ